चपलेचं वावडं: पायावरची खाज, पॅच टेस्ट आणि ग्राहकाचा हक्क

पायाला खाज सुटली, पुरळ आलं आणि संशय चपलेवर गेला, की बहुतेक घरांत ती चप्पल आधी कचऱ्यात जाते. बिल दुकानातून बाहेर पडतानाच फेकलेलं असतं, खोकंही रद्दीत गेलेलं असतं. मग नवी जोडी येते आणि बऱ्याचदा तीच खाज पुन्हा सुरू होते. चप्पल बदलली तरी कातडीला न सोसणारं रसायन नव्या जोडीतही असू शकतं. दुकानदाराशी बोलायला मात्र आता हातात काहीच उरलेलं नसतं.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की ती चप्पल वापरणं थांबवा, पण फेकू नका. एका पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि आपल्या कातडीला नेमकं कशाचं वावडं आहे, त्या पदार्थाचं नाव शोधून काढा. ते नाव कळलं की उपचार नीट होतो, पुढची खरेदी डोळसपणे होते आणि वेळ आली तर भरपाईही मागता येते. नुसतं ‘चप्पल सोसली नाही’ एवढ्यावर यांतलं काहीच धड होत नाही.

चप्पल चावणं आणि चपलेची अॅलर्जी यांत मोठा फरक आहे. नवी कडक चप्पल घासते, टाचेला किंवा अंगठ्याजवळ फोड येतो, चार-आठ दिवसांत तो बरा होतो. हे कोणालाही होऊ शकतं. अॅलर्जीत आपली प्रतिकारशक्ती गुंतलेली असते. चपलेतलं रसायन घामात विरघळतं, कातडीत मुरतं, आणि शरीरातल्या टी-पेशी त्याची शत्रू म्हणून नोंद करतात. ही नोंद व्हायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, कधी कधी अनेक वर्षंही जातात. एकदा नोंद झाली की ती सहसा पुसली जात नाही. त्यानंतर तो पदार्थ पुन्हा लागला, की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड, मग खपल्या, आणि फार दिवस चाललं तर कातडी जाड होऊन भेगा पडणं, असा क्रम सुरू होतो.

माणसं फसतात ती इथेच. “अहो, मी वर्षानुवर्षं असल्याच चपला घालतेय, आताच कसं काय झालं?” हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या नोंदीत आहे. तोवर ती पक्की झाली नव्हती, आता झाली. शिवाय त्रास उशिरा सुरू होत असल्यामुळे खरा दोषी सुटतो. रविवारी लग्नाला नवे सँडल घातले आणि खाज मंगळवारी आली, की बोट लग्नातल्या जेवणाकडे जातं.

चपलेत असं असतं तरी काय? सुरुवात चामड्यापासून करू. जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, कारण ते झटपट होतं आणि चामडं मऊ राहतं. त्यासाठी वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम त्यामानाने सौम्य असतं. पण उष्णता, ऊन, कोरडी हवा आणि काही प्रक्रियांमुळे त्याचा थोडा भाग षट्‌संयुजी क्रोमियममध्ये बदलतो. हा प्रकार कातडीत सहज शिरतो आणि अॅलर्जी घडवण्यात पटाईत आहे. युरोपीय संघाने १ मे २०१५पासून कातडीला लागणाऱ्या चामडी वस्तूंवर मर्यादा घातली आहे: एक किलो चामड्यात षट्‌संयुजी क्रोमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असलं पाहिजे. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या बुटांनाही ती पाळावी लागते. हेच क्रोमियम सिमेंटमध्येही असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं ओल्या सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या गवंड्याला आधी हातांवर इसब येतं आणि पुढे चामडी बूटही सोसेनासे होतात. डॉक्टरांनी पायाच्या रुग्णाला “काम काय करता?” असं विचारलं, तर ते उगाच नसतं.

रबराची गोष्ट वेगळी आहे. झाडाचा चीक गंधक घालून तापवला की टिकाऊ रबर बनतं. ही क्रिया लवकर व्हावी म्हणून मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल, थायुराम यांसारखी रसायनं घालतात, आणि रबर लवकर विरू नये म्हणून आणखी काही. तयार चपलेत यांचा अंश उरतो. हवाई चपलेच्या पट्ट्यामुळे पायावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचं पुरळ उमटतं, त्यामागे बहुतेकदा यांच्यातलंच कोणीतरी असतं. बंद बुटांत रबर बाहेरून दिसत नाही, पण आतल्या तळव्यात, बोटांवरच्या कडक टोकात आणि टाचेच्या आधारात ते असतंच. म्हणून ‘शुद्ध चामड्याचा बूट’ घेतला म्हणजे रबरापासून सुटका झाली असं समजू नये.

तिसरा मामला चिकटवण्याचा. चप्पल दुरुस्त करणारे ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतात, त्यात बऱ्याचदा पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल फॉर्माल्डिहाइड नावाचं रेझिन असतं. नाव लांबलचक आहे, पण त्याची ओळख आपल्या घरांत जुनी आहे, कारण टिकलीच्या मागच्या गोंदातही ते असू शकतं. टिकलीच्या जागी कपाळाला खाज सुटते किंवा तिथे पांढरा डाग पडला आहे, अशा बाईच्या पायालाही त्रास होत असेल, तर चपलेच्या गोंदाचा संशय सगळ्यात आधी घ्यायला हवा. हा धागा डॉक्टरांना आपण होऊन सांगा. कपाळ आणि पाय यांचा संबंध जोडायचं सुचतंच असं नाही.

बाकीच्यांत बकलातलं निकेल आहे. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानांना पाणी सुटतं, त्यांना ते बाधू शकतं. अस्तराचे रंग आहेत. स्पोर्ट्स शूजच्या आणि हलक्या चपलांच्या फोममध्ये सापडणारं अॅसिटोफेनोन अॅझिन अलीकडे लक्षात आलं. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ साली त्याला त्या वर्षीचा लक्ष ठेवण्याजोगा अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केलं.

पांढऱ्या डागांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. वर सांगितलेलं गोंदातलं रसायन आणि काही रबरांत वापरलं गेलेलं हायड्रोक्विनोनचं एक संयुग, ही दोन्ही कातडीला रंग देणाऱ्या पेशींना इजा करतात. मग पट्टा टेकतो तिथे बरोबर पट्ट्याच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो, कधी आधी खाज न येताही. घरात ‘कोड’ हा शब्द उच्चारला जातो आणि मुलगी लग्नाची असेल तर सगळं घर हादरतं. डाग लपवायला ती पाय झाकणारे बूट घालायला लागते, आणि तेही तसल्याच गोंदाने चिकटवलेले असतात. असा डाग दिसला तर घाबरून अंगारे-धुपारे करत बसण्याआधी चप्पल पायात घालून पाहा. डाग आणि पट्टा एकमेकांवर बसत असतील, तर चप्पल ताबडतोब बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लवकर थांबवलं तर अनेकांचा रंग हळूहळू परत येतो. सगळ्यांचा येतोच असं नाही, म्हणून उशीर नको. खुद्द कोड हासुद्धा संसर्गजन्य नसतो, हेही त्या घरात कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

अॅलर्जी आहे की चिखल्या, हे ओळखायला पुरळाची जागा पुष्कळ मदत करते. चिखल्या बुरशीमुळे होतात आणि बोटांच्या बेचक्यांत बसतात, विशेषतः शेवटच्या दोन बोटांमध्ये. तिथली कातडी पांढरी पडते, सोलते, वास येतो. चपलेची अॅलर्जी बहुधा बेचके सोडून पायाच्या वरच्या बाजूला, अंगठ्यावर, पट्ट्याखाली किंवा तळव्याच्या टेकणाऱ्या भागावर दिसते आणि बऱ्याचदा दोन्ही पायांवर सारखीच असते. तळव्याची मधली खोलगट जागा जमिनीला टेकत नाही, म्हणून ती पुष्कळदा कोरी राहते. अर्थात पावसाळ्यात एकाच पायावर दोन्ही दुखणी नांदू शकतात, आणि तेव्हा नुसत्या डोळ्यांनी निदान करणं तज्ज्ञालाही अवघड जातं.

यासाठीच औषधाच्या दुकानातून मनाने आणलेलं मलम लावू नये. बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असलेली मलमं आपल्याकडे घरोघरी दिसतात. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि माणूस खूश होतो. पण दुखणं बुरशीचं असेल तर ते दबून आतल्या आत पसरतं, आणि अॅलर्जी असेल तर मूळ कारण पायातच राहिल्यामुळे मलम थांबवताच सगळं परत उफाळतं. २०१८ साली सरकारने लावायच्या अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती अशाच गैरवापरामुळे. योग्य ताकदीचं स्टिरॉइड मलम अॅलर्जीवर चांगलं काम करतं. फक्त ताकद आणि दिवस डॉक्टरांनी ठरवायला हवेत.

आता बाधणाऱ्या पदार्थाच्या नावाकडे येऊ. ते शोधायची पद्धत म्हणजे पॅच टेस्ट. नखाएवढ्या छोट्या वाट्यांमध्ये एकेका पदार्थाचा ठरावीक अंश भरतात आणि त्यांच्या ओळी पाठीच्या वरच्या भागावर चिकटपट्टीने बसवतात. भारतात वापरण्यासाठी ठरवलेला पदार्थांचा एक मूळ संच आहे. त्यात क्रोमियम, निकेल, रबरातली रसायनं, गोंदातलं रेझिन हे सगळे येतात, आणि गरजेनुसार चपलांसाठीचे आणखी पदार्थ जोडता येतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मे महिन्यात हे कठीणच असतं, म्हणून शक्य असेल तर थोड्या थंड दिवसांत करावी. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. ही दुसरी भेट टाळू नका, कारण काही पदार्थांची खूण उशिरा उमटते. जिथे लाल, उंचावलेला, खाजरा ठिपका दिसतो, तो पदार्थ आपल्याला बाधतो.

जपून ठेवलेली चप्पल इथे कामाला येते. डॉक्टर तिच्या पट्ट्याचा किंवा आतल्या तळव्याचा पातळ तुकडा कापून, ओला करून, तोही पाठीवर लावून पाहू शकतात. संचातलं एकही रसायन लागलं नाही पण चपलेच्या तुकड्याखाली पाठ लाल झाली, तर चपलेत काहीतरी आहे एवढं निश्चित होतं.

रक्ताच्या नमुन्यावर शंभरेक पदार्थांची अॅलर्जी तपासून देणाऱ्या पॅकेजांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. त्या तपासण्या प्रतिकारशक्तीचा वेगळाच मार्ग पाहतात, जो शिंका, दमा, अंगावर पित्त उठणं यांच्याशी जोडलेला आहे. चपलेच्या अॅलर्जीचं निदान त्यांतून होत नाही. ते पैसे वाचवा. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्टची चौकशी करा.

पदार्थाचं नाव सापडल्याने काय घडू शकतं, याचं ठळक उदाहरण युरोपातलं आहे. २००७-०८च्या सुमारास फिनलंड, ब्रिटन आणि इतर देशांत नव्या चामडी सोफ्यांवर बसणाऱ्या माणसांच्या पाठी, मांड्या अक्षरशः भाजल्यासारख्या होऊ लागल्या. फ्रान्स, स्पेनमध्ये नव्या बुटांमुळे पायांचं तेच झालं. कोणी म्हणे संसर्ग, कोणी म्हणे साबण. फिनलंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्टच्या आधारे मूळ शोधलं: डायमिथिल फ्युमरेट. माल समुद्रमार्गे येताना बुरशी लागू नये म्हणून आत ठेवलेल्या छोट्या पुड्यांत ते होतं. अंगाच्या उबेने त्याची वाफ व्हायची आणि चामड्यातून कातडीपर्यंत पोहोचायची. युरोपीय संघाने २००९ साली हे रसायन असलेल्या वस्तूंवर बंदी आणली. किलोला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालणार नाही, असं ठरलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या उच्च न्यायालयात विक्रेत्यांनी सुमारे दोन हजार ग्राहकांना मिळून २ कोटी पौंडांपर्यंत भरपाई द्यायचं मान्य केलं. रसायनाचं नाव सापडलं नसतं, तर हे दोन हजार लोक आपापल्या घरी मलम लावत बसले असते.

आपल्याकडे यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तो जुलै २०२०मध्ये लागू झाला. जिवाला धोका असलेल्या मालापासून संरक्षण मिळणं आणि मालाच्या दर्जाची माहिती मिळणं, हे त्यात ग्राहकाचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत. जुन्या १९८६च्या कायद्यात नसलेलं एक स्वतंत्र प्रकरण यात आलं: उत्पादनाची जबाबदारी. सदोष वस्तूमुळे शरीराला इजा किंवा आजार झाला, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. दोष बनवण्यात असू शकतो किंवा रचनेत. दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं हाही दोष, आणि इजा टाळण्यासाठी आवश्यक सूचना किंवा इशारा न देणं हाही. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर काही परिस्थितींत ती जबाबदारी विक्रेत्यावर येते. बिननावाची जोडी विकणाऱ्या दुकानदाराला ‘आम्ही फक्त विकतो’ म्हणून सरसकट हात झटकता येत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याला अॅलर्जी झाली, एवढ्यावरून चप्पल कायद्याने ‘सदोष’ ठरत नाही. हजारो लोकांना सोसणारं रबर एखाद्याला बाधलं, तर उत्पादक म्हणेल की माल प्रमाणित आहे, प्रश्न तुमच्या कातडीचा आहे, आणि त्यात तथ्य असू शकतं. बाजू भक्कम होते ती वेगळ्या परिस्थितीत. खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘अॅलर्जीमुक्त’, ‘निकेलविरहित’, ‘अस्सल चामडं’ असं लिहिलं होतं आणि ते खोटं निघालं. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणचिन्ह बंधनकारक असलेल्या प्रकारात ते नव्हतं किंवा बनावट होतं. तुम्ही विकत घेताना आपलं वावडं सांगितलं आणि विक्रेत्याने लेखी किंवा मेसेजवर खात्री दिली. किंवा त्याच मालाने अनेकांना त्रास झाला. खोट्या दाव्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

प्रमाणचिन्हाचं सांगायचं तर, रबराच्या हवाई चपलांसह पादत्राणांच्या अनेक प्रकारांना जुलै २०२३पासून टप्प्याटप्प्याने ते बंधनकारक झालं. आयएसआय चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. चिन्ह आहे म्हणजे चप्पल प्रत्येक कातडीला सोसेलच असं नव्हे. चपलेवर बिस्किटांच्या पुड्यासारखी घटकांची यादी छापलेली नसते, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे. स्वतःचं वावडं माहीत असलेल्या माणसालाही दुकानात उभं राहून ते टाळता येत नाही.

दुकानात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. “ताई, नवीन आहे ना, पाय सरावला की थांबेल,” आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल ती, नसेल तर तीस दिवस. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ऑनलाइन घेतलं असेल, तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं, असे २०२०चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

म्हणून जोडी, खोकं, बिल किंवा पैसे भरल्याचा मेसेज, चप्पल शेजारी ठेवून काढलेले पायाचे तारखेचे फोटो, डॉक्टरांचे कागद आणि पॅच टेस्टचा निकाल एका जागी ठेवा. आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने. पुष्कळ प्रकरणं इथेच बदलून देण्यावर मिटतात, आणि हाताने चपला बनवणाऱ्या छोट्या कारागिराशी तर नीट बोलणं हाच उत्तम मार्ग आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी फी लागत नाही. १ जानेवारी २०२५पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही तक्रार दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फेकून दिलेली चप्पल कोण सीलबंद करणार? मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७५पासून अशा कामात आहेत. अर्ज लिहिताना अशा संस्थेचा सल्ला घ्यावा.

हे सगळं चालू असताना पायात काहीतरी घालावंच लागतं. गोंदाचं किंवा रबराचं वावडं असेल, तर एकाच साच्यातून काढलेली, जोड नसलेली पीव्हीसीची पावसाळी चप्पल बऱ्याच जणांना सोसते. क्रोमियमचं असेल तर झाडांच्या साली आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, चामड्याच्याच वादीने शिवलेली पारंपरिक कोल्हापुरी चांगली. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडीचं चामडं तसं असतंच असं नाही, आणि खाली चिकटवलेला रबरी तळही असतो. चामडं कशाने कमावलंय आणि तळ शिवलाय की चिकटवलाय, हे विचारूनच घ्या. कारखान्यात सेफ्टी शूज घालावेच लागत असतील, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कंपनीकडे दुसऱ्या साहित्याची जोडी मागा. सुती मोजे घाला आणि ओले झाले की बदला. बाधलेल्या बुटांत वापरलेले मोजे मात्र टाकून द्या, कारण रबरातली काही रसायनं धुऊनही धाग्यात राहतात आणि नव्या बुटातही त्रास देतात. आणि जुनी चप्पल दुरुस्तीला दिलीत तर कोपऱ्यावरच्या काकांना आधीच सांगा, “सोल्युशन लावू नका काका, दोन टाके जास्त घाला.”